पहिले तीन महिने आणि सकाळची बॅच

आमच्या योगवर्गाच्या प्रवेश अर्जावर एक रकाना आहे: 'सध्या गरोदर आहात का?' डोंबिवलीत वर्ग सुरू केला तेव्हापासून तो तिथे आहे, आणि पहिल्या तीन महिन्यांत त्यात 'हो' लिहिणारी बाई मला अगदी क्वचित भेटली आहे. चौथा महिना लागला की मात्र वर्ग संपल्यावर एखादी चटई गुंडाळत मागे रेंगाळते. बाकीच्या गेल्या की हळूच म्हणते, "ताई, आधीच सांगायचं होतं, पण सासूबाई म्हणाल्या तीन महिने कुठे बोलायचं नाही." मी तिचं अभिनंदन करते, आणि हसत असतानाच डोक्यात मागच्या दोन महिन्यांचा हिशेब सुरू होतो. कपालभाती, नौकासन, ते पीळ देणारं अर्धमत्स्येंद्रासन. यातल्या कशाकशाला ही हजर होती?

सासूबाईंना मी नावं ठेवणार नाही. 'तीन महिने सांगू नये' या रिवाजामागे दृष्ट लागण्याची भीती आहे, तसं शहाणपणही आहे. दिवस गेल्याचं कळलेल्या शंभर जणींमागे साधारण दहा ते वीस जणींचा गर्भ टिकत नाही, आणि त्यातले बहुतेक पहिल्या तिमाहीतच पडतात. ज्यांना आनंदाने सांगितलं त्यांनाच पुन्हा फोन करून 'नाही राहिलं' म्हणायचं, हे जिला करावं लागलं आहे तिला हा रिवाज समजावून सांगावा लागत नाही. अडचण एवढीच की ज्या बारा आठवड्यांत योगशिक्षिकेला कळायला हवं, नेमक्या त्याच बारा आठवड्यांत ते सगळ्यांत गुपित असतं. शेजारणीला न सांगणं ठीक आहे. पण रोज सकाळी जी तुम्हाला पोटावर झोपवते, पीळ द्यायला लावते, श्वास रोखायला सांगते, तिच्यापासूनही लपवायचं म्हणजे जरा अतीच.

अर्थात विचारण्याचीही एक रीत असते. "कुणी प्रेग्नंट आहे का?" असं भरल्या वर्गात मोठ्याने विचारल्यावर कोण हात वर करणार? एखादीची पाळी नुसती लांबलेली असते, एखादीचं आयव्हीएफ चालू असतं, एखादी आधी पोळलेली असते. म्हणून मी विटेचा मार्ग काढला. योगाला वापरतात तो फोमचा ठोकळा. आम्ही त्याला वीटच म्हणतो. 'आज पोटावर ताण नको' असं जिला वाटेल तिने वीट चटईच्या उजव्या कोपऱ्यात उभी करून ठेवायची. कारण पाळी असेल, हर्निया असेल, बीपी असेल, रात्रीचं जागरण असेल, नाहीतर दिवस गेले असतील. मी विचारत नाही. वीट दिसली की त्या चटईपाशी जाऊन कपालभातीऐवजी भ्रामरी (भुंग्यासारखा गुंजारव करत श्वास सोडणं) आणि भुजंगासनाऐवजी मार्जारासन सांगते, झालं. सुरुवातीला एखाद-दुसरी वीट उभी राहायची. हल्ली पावसाळी सकाळी अर्ध्या वर्गाच्या विटा उभ्या असतात. त्यातल्या निम्म्यांना नुसता कंटाळा आलेला असणार. चालायचंच.

विटेशिवायही काही खुणा कळतात. कायम पुढच्या रांगेत बसणारी अचानक दाराजवळची जागा धरते. पाण्याच्या बाटलीत लिंबाची फोड तरंगायला लागते. शवासनात पहिल्याच मिनिटाला घोरायला लागते. उदबत्तीच्या वासाने एकीला दोनदा बाहेर पळताना पाहिलं आणि तेव्हापासून वर्गात उदबत्ती लावणंच सोडून दिलं. त्याने कुणाच्या साधनेत काही खंड पडल्याचं दिसलं नाही.

तर मुद्द्यावर येते. लवकरच्या आठवड्यांतला योग म्हटलं की व्हॉट्सॲपवर एक चित्र फिरतं, 'गरोदरपणी ही आसने चुकूनही करू नका.' प्रत्येक आसनावर लाल फुली, आणि कारण कुठेच दिलेलं नाही. माझा राग या यादीवर आहे. तिच्यातली निम्मी आसनं मीही पहिल्या तीन महिन्यांत घेत नाही, तो भाग वेगळा. पण कारणाशिवायची यादी आधी घाबरवते, आणि नंतर कुणाचं काही विपरीत झालं तर तीच यादी आरोपपत्र म्हणून वाचली जाते. 'भुजंगासन करत होती ना? मग!' म्हणून मी कारणं सांगत बसते. बायकांना कारणं आवडतात, असा माझा अनुभव आहे.

सुरुवात तारखेपासून. डॉक्टर आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. म्हणजे पाळी चुकली, घरी टेस्ट केली, दोन रेघा आल्या, तेव्हाच चार-पाच आठवडे लागलेले असतात. त्यामुळे जवळजवळ प्रत्येकीने काही ना काही 'वर्ज्य' प्रकार न कळत केलेला असतोच. "ताई, परवा धनुरासन केलं, काही झालं असेल का?" हा प्रश्न मला रात्री अकरालाही येतो. उत्तर असं की सहाव्या आठवड्यात गर्भाची लांबी जेमतेम अर्धा सेंटीमीटर असते आणि गर्भाशय बाराव्या आठवड्यापर्यंत ओटीपोटाच्या हाडांच्या आतच असतं. पोटावर झोपल्याने ते चेपत नाही. मग पोटावरची आसनं का सोडायची? कारण छाती दुखरी झालेली असते, मळमळत असतं, आणि थोड्याच आठवड्यांनी ती सोडायचीच आहेत. हे कारण यादीतल्या फुलीपेक्षा कितीतरी साधं आहे, आणि त्यात परवाच्या धनुरासनासाठी रात्रभर जागायची गरज पडत नाही.

या काळात बदलतं ते रक्ताभिसरण आणि श्वास, आणि ते बाहेरून दिसत नाही. प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढतं, रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब उतरतो. ओणवं होऊन झटकन उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. उत्तानासनातून वर येताना मी सगळ्यांनाच मान शेवटी उचलायला सांगते; वीटवालीला तर हात भिंतीवर ठेवूनच यायला लावते. वृक्षासनही भिंतीशी. इथे धोका असतो तो तोल जाऊन बाई पडण्याचा, आसनाचा नव्हे.

इथे जरा विषयांतर करते, कारण ते केल्याशिवाय राहवत नाही. माझ्या सहाच्या बॅचमधल्या बऱ्याच जणी नंतर धावतपळत फास्ट लोकल पकडतात. दादरपर्यंत उभ्याने, दाराशी, दोन्ही बाजूंनी रेटा. त्याबद्दल घरात कुणी चकार शब्द काढत नाही. "योग बंद कर" मात्र पहिल्याच दिवशी. भिंतीला टेकून केलेलं ताडासन धोक्याचं आणि ७:५०ची लोकल सुरक्षित, हा न्याय मला अजून उमगलेला नाही.

यादीतल्या ज्या एका गोष्टीवर मी कुणाचंही ऐकून घेत नाही ती म्हणजे उष्णता. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू जिच्यापासून घडतात ती नळी गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते, म्हणजे पाळीपासून मोजलं तर सहाव्या आठवड्यात. त्या दिवसांत आईच्या शरीराचं आतलं तापमान बराच वेळ ३९ अंशांच्या वर राहिलं तर ती नळी नीट न मिटण्याचा धोका वाढतो. फॉलिक ॲसिडची गोळी आधीपासून घ्यायला सांगतात तीही याच नळीसाठी. म्हणून तापवलेल्या खोलीतला हॉट योग गरोदरपणात नको, असं अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांची मोठी संघटना स्पष्ट सांगते. बिक्रम पद्धतीत ४० अंशांच्या आसपास तापवलेल्या खोलीत २६ आसनं करतात. (चंद्रपूरला मे महिन्यात त्यासाठी हीटर लावावा लागत नाही.) आपल्याकडे स्टुडिओतल्या हॉट योगापेक्षा पत्र्याच्या छताखालचा, पंखा बंद असलेला उन्हाळ्यातला हॉल ही जास्त खरी अडचण आहे. एप्रिल-मेमध्ये मी पहिल्या तिमाहीतल्या बाईला पंख्याखाली बसवते, पाणी मध्येच प्यायला लावते आणि घाम टपकायला लागला की थांबवते. आणि हो, याच कारणासाठी या आठवड्यांत ताप अंगावर काढू नये. 'गरोदरपणात गोळी नको' म्हणून चादर पांघरून पडून राहण्यापेक्षा डॉक्टरांना विचारून ताप उतरवलेला बरा.

श्वासाचं दुसरं. कपालभाती, भस्त्रिका, अग्निसार, उड्डियान असे पोट जोराने हलवायचे किंवा आत ओढायचे प्रकार आणि लांबवलेला कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणं, हे सगळं बंद. टीव्हीवर पाहून रोज अर्धा तास कपालभाती करणाऱ्या बायकांना हे सोडणं सगळ्यांत जड जातं, कारण 'वजन वाढेल ना' ही काळजी दोन रेघा आल्यावरही गेलेली नसते. पोटाचे ते झटके आतला दाब सारखा वरखाली करतात हे एक कारण. दुसरं कारण मला जास्त पटतं. गरोदरपणात श्वास मुळातच खोल झालेला असतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड नेहमीपेक्षा कमी असतो. त्यात जोरजोराने श्वास बाहेर टाकत राहिलं की तो आणखी उतरतो आणि भोवळ येते. अनुलोम-विलोम कुंभकाशिवाय, भ्रामरी, ओंकार हे मात्र मनमुराद करावं. नाक चोंदलेलं असेल (या दिवसांत पुष्कळदा असतं) तर अनुलोम-विलोमही हट्टाने करू नये.

पीळ द्यायचे ते खांद्यांतून, मांडीला पोट चेपून नव्हे. भारद्वाजासन मोकळं, पोटासमोर जागा ठेवून. सूर्यनमस्कार जी वर्षानुवर्षं घालते आहे तिने उड्या न मारता, अष्टांग नमस्कार वगळून, थांबत थांबत घालायला हरकत नाही. जिने कधीच घातले नाहीत तिने आता सुरू करू नयेत. शीर्षासन-सर्वांगासनाबद्दल घराण्याघराण्यांत मतभेद आहेत आणि मी त्या वादात पडत नाही. माझ्या वर्गात ती या काळात होत नाहीत.

मग उरतं काय? पुष्कळ उरतं. मांजरासारखं पाठ वर-खाली करणं, बद्धकोनासन, उपविष्टकोनासन, पायाच्या बोटांपासून मानेपर्यंतचे सूक्ष्म व्यायाम, भिंतीशी ताडासन. पण मला विचाराल तर पहिल्या तिमाहीचं खरं आसन एकच आहे, आधाराचं सुप्तबद्धकोनासन. घरात लोड असेल तर उत्तम, नाहीतर दोन जाड गोधड्यांची लांबट घडी. ती कंबरेमागे टेकवायची आणि तिच्यावर पाठ ठेवून पडायचं; कंबरेखाली घालायची नाही, नाहीतर पाठ कमानीसारखी ताणली जाते. डोक्याखाली आणखी एक घडी, हनुवटी कपाळापेक्षा खाली राहील इतकी. तळवे एकमेकांना लावून गुडघे बाजूला सोडायचे आणि त्या दोन गुडघ्यांखाली उशा सरकवायच्या, म्हणजे मांड्यांचे सांधे लोंबकळत नाहीत. या दिवसांत रिलॅक्सिन नावाचं संप्रेरक वाढलेलं असतं. त्याने सांधे नक्की किती सैलावतात यावर तज्ज्ञांचं एकमत नसलं, तरी सांधा त्याच्या टोकापर्यंत ताणून ठेवायची ही वेळ नव्हे. छाती पोटापेक्षा वर राहत असल्याने आंबट पाणी घशाशी येत नाही. दहातल्या सात-आठ जणींना मळमळ होते, नवव्या आठवड्याच्या आसपास ती बहुधा शिखरावर असते, आणि तेव्हा सपाट शवासनापेक्षा हे किती सुखाचं वाटतं ते मी सांगून कळायचं नाही.

माझ्या स्वतःच्या वेळी मी ते रोज केलं. दुसरं काही करायची ताकदच नव्हती. त्या महिन्यांत वर्ग खुर्चीवर बसून घेत होते आणि प्रात्यक्षिकाला पुढच्या रांगेतल्या एका काकूंना उभं करत होते. काकूंनी तिसऱ्या दिवशीच ओळखलं. बोलल्या काहीच नाहीत. दुसऱ्या दिवशी डब्यात आवळ्याची सुपारी घेऊन आल्या.

लोड, पट्टा, वीट, खुर्ची ही सामग्री आता जगभरच्या योगवर्गांत दिसते, त्याचं बरंचसं श्रेय पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांचं. शरीराने आसनाकडे जायचं, जमत नसेल तर आसनाने शरीराकडे यायचं, हे त्यांच्या शिकवणीत होतं, आणि त्यांच्या कन्या गीताताईंनी ते खास बायकांसाठी, पाळी, गरोदरपण, बाळंतपणानंतरचे महिने असं वेगवेगळं धरून मांडलं. हे सगळं विसाव्या शतकातलं काम आहे. सांताक्रूझची योग इन्स्टिट्यूट १९१८ची, लोणावळ्याचं कैवल्यधाम १९२४चं. योग मठातून आणि अरण्यातून घरात यायला लागला तो साधारण तेव्हा, आणि घरात आल्यावर त्याला घरातली बाई दिसली.

'ऋषिमुनींनी सांगितलेला गर्भवतींचा योग' अशी जाहिरात दिसली की म्हणून मला हसू येतं. पंधराव्या शतकातली हठप्रदीपिका, हठयोगाचा एक जुना ग्रंथ, नवशिक्या साधकाला सांगते की सुरुवातीला अग्नी, स्त्री आणि प्रवास टाळ. जिथे बाईच वर्ज्य, तिथे बाईच्या गरोदरपणाचा विचार कुठून येणार? तो विचार सापडतो वैद्यांकडे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात, आठव्या अध्यायात, गर्भिणीला काय बाधतं त्याची मोठी यादी आहे. उकिडवं, उंचसखल किंवा कठीण जागी बसणं. मलमूत्राचे वेग अडवणं. आणि दारुण, सवयीबाहेरचा व्यायाम. नीट पाहा: व्यायाम बाधतो असं चरक म्हणत नाहीत, दारुण आणि अनुचित व्यायाम बाधतो म्हणतात. जी रोज करते तिला एक नियम, जिने कधीच केलं नाही तिला दुसरा. आजच्या डॉक्टरी सल्ल्यातही हीच रेघ आहे. तिथेच पुढे गर्भिणीची काळजी कशी घ्यावी ते सांगताना चरक म्हणतात, काठोकाठ तेलाने भरलेलं भांडं न हिंदकळू देता न्यावं तशी. भांडं फळीवर ठेवून द्या असं ते म्हणत नाहीत, न्यायला सांगतात. (वेग अडवण्याबद्दल वाचलं की मला पुन्हा लोकल आठवते. कर्जत-कसाऱ्याहून मुंबईला जाणारी बाई लघवी किती वेळ धरून ठेवते, हे कुठल्याच यादीत नाही, आणि गरोदरपणात मूत्रमार्गाचा संसर्ग ही थट्टेची गोष्ट नाही.)

आता संशोधन काय म्हणतं. बंगळुरूच्या एका अभ्यासात ३३५ बायका होत्या. रोज तासभर योग करणाऱ्या गटात अडीच किलोंवरची बाळं जास्त जन्मली. २००५ साली तो प्रसिद्ध झाला आणि गर्भसंस्काराच्या प्रत्येक पत्रकात त्याचा उल्लेख असतो. पत्रकात एक गोष्ट नसते. त्या बायका अभ्यासात आल्या त्या अठराव्या ते विसाव्या आठवड्यात. अमेरिकेत न्यू जर्सीत २०१५च्या एका अभ्यासात पंचवीस जणींकडून २६ आसनं करून घेताना आईची नाडी-रक्तदाब आणि बाळाचे ठोके मोजले. सगळं व्यवस्थित निघालं, अगदी अधोमुख श्वानासनसुद्धा. पण त्या नवव्या महिन्याच्या उंबरठ्यावर होत्या. म्हणजे मध्य आणि शेवट तपासलेला आहे, सुरुवात जवळजवळ कोरी. ती का कोरी आहे तेही उघड आहे. त्या आठवड्यांत बायका कुणाला सांगतच नाहीत, आणि गर्भ पडण्याचं प्रमाण मुळातच जास्त असल्याने कुठलाही संशोधक तिथे हात घालायला कचरतो.

योगापुरतं असं असलं तरी एकूण व्यायामाबद्दल बरंच माहीत आहे. जागतिक आरोग्य संघटना २०२०पासून सांगते की काही अडचण नसलेल्या गरोदर बाईने आठवड्याला दीडशे मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी. कॅनडातल्या संशोधकांनी २०१९मध्ये तोवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा व्यायाम करणाऱ्यांत गर्भपाताचं प्रमाण वाढलेलं आढळलं नाही. उलट बाजूने, 'पडून राहा' हा आपल्याकडचा लाडका सल्ला. सुरुवातीला रक्तस्राव झाला तर सक्त विश्रांती घेतल्याने गर्भ टिकतो याला पुरावा सापडलेला नाही. लवकर पडणाऱ्या गर्भांपैकी साधारण निम्म्यांत गुणसूत्रांतच दोष असतो. तो दोष गर्भधारणेच्या क्षणीच ठरलेला असतो. बाई जिना चढली, स्कूटरवर बसली, पश्चिमोत्तानासनात वाकली, याने तो येत नाही आणि पडून राहिली म्हणून जात नाही.

हे मी एका घरी जाऊन सांगितलं आहे. माझ्या वर्गातली मुलगी, नववा आठवडा, सोनोग्राफीत ठोके दिसले नाहीत. आठवडाभराने भेटायला गेले तेव्हा ती आतल्या खोलीत होती, बाहेर तिच्या नात्यातल्या दोघी-तिघी. मला पाणी दिलं, चहाचं विचारलं, मग एकीने साडीचा पदर सारखा करत म्हटलं, "नाही, तुमचं वाईट वाटून घेऊ नका, पण योगाला येत होती ना ती." आवाजात भांडण अजिबात नव्हतं. माहिती विचारल्यासारखं विचारलं. मी उत्तर दिलं ते तिला नाही, जरा मोठ्याने, आतल्या खोलीत ऐकू जाईल असं. काय केलं, काय केलं नाही, सगळं सांगितलं. गुणसूत्रांचंही सांगितलं, जमेल तितक्या सोप्या शब्दांत. बाहेरच्या बाईला ते किती पटलं कोण जाणे. आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि ती मुलगी दारात येऊन उभी राहिली, म्हणाली, "डॉक्टरपण हेच म्हणाले. मला वाटलं समजूत घालतायत."

लाल फुल्यांच्या त्या चित्रावर माझा राग आहे तो यासाठी.

याचा अर्थ काहीही चालतं असा नाही. पहिल्या सोनोग्राफीआधी मी कुणाकडूनच काही करून घेत नाही, फक्त श्वास आणि आराम. कारण गर्भ गर्भाशयातच आहे की बीजवाहिनीच्या नळीत अडकला आहे हे त्याआधी कळत नाही. शंभरात एक-दोन गर्भ नळीत राहतात, आणि एका बाजूला दुखणारं पोट किंवा खांद्याच्या टोकाशी उठणारी कळ याला 'गॅस असेल' म्हणत पवनमुक्तासन करत बसणं जिवावर बेतू शकतं. रक्ताचा डाग, पोटात कळा, चक्कर येऊन पडणं, छातीत दुखणं, पिंढरी सुजून दुखणं यांतलं काहीही झालं तर चटई गुंडाळायची आणि डॉक्टरांना फोन करायचा, ताईंना नव्हे. आधी गर्भ पडलेले असतील, पिशवीला टाका घालायचा असेल, आयव्हीएफ असेल, हृदयाचा आजार किंवा रक्त फार कमी असेल, तर डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय माझ्या वर्गात विटेचाही उपयोग नाही.

डॉक्टरांशीही बोलावं लागतं. पुष्कळ फायलींवर नुसतं 'नो योगा' असं लिहिलेलं असतं. अशी फाइल घेऊन एक आली, पहिलटकरीण, रडवेली. लहानपणापासून योग करणारी. तिच्या डॉक्टरांचा नंबर घेऊन मी सरळ फोन केला आणि विचारलं, नेमकं काय नको? पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाले, "अहो ते टीव्हीवर पोट हलवतात ना, ते नको." मी म्हटलं, ते तर मीही घेत नाही. मग काय घेता म्हणून त्यांनी विचारलं आणि मी सांगत गेले. भिंतीशी ताडासन, मांजर, बद्धकोन, लोडावर पडणं, भ्रामरी. "एवढंच असेल तर येऊ दे की," म्हणाले, आणि पुढच्या तपासणीला फाइलवर स्वच्छ अक्षरात लिहून दिलं की साधी आसनं आणि चालणं चालेल. कपालभाती, श्वास रोखणं आणि उलटी आसनं नकोत.

सासूबाईंचा त्या अक्षरावरही विश्वास बसला नव्हता. त्या स्वतः बघायला आल्या. मागे खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन बसल्या, सुनेच्या पाठीमागची गोधडी दोनदा उठून नीट केली, आणि तास संपल्यावर माझ्याजवळ येऊन खालच्या आवाजात विचारलं, "गुडघ्यांसाठी काय आहे हो तुमच्याकडे?"